रिकाम्या मजल्याचं हीटिंग बंद करू का?

प्रश्न, थोडक्यात: तळमजला आणि वर दोन मजले असलेल्या एका व्यापारी इमारतीच्या व्यवस्थापकांचं हे पत्र आहे. खाली दुकानांचे गाळे, पहिल्या मजल्यावर कार्यालयं आणि दुसरा मजला सध्या रिकामा. तळघरात बॉयलर, गच्चीवर एअर हँडलिंग युनिट (हवा गरम-थंड करून इमारतीत सोडणारं यंत्र) आणि सगळ्या मजल्यांवर पाण्याने भरलेली स्प्रिंकलर यंत्रणा (आग लागल्यावर छतातून पाणी फवारणारी). मागच्या हिवाळ्यात जोडून आलेल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावर फॉल्स सीलिंगच्या वरचा पाण्याचा पाइप फुटला. सुट्टी संपल्यावर दुकान उघडलं तेव्हा खालच्या गाळ्यातला माल भिजलेला होता. यंदा खर्च वाचवायला रिकाम्या मजल्याचं हीटिंग बंद ठेवावं, असं मालकांचं म्हणणं आहे. कंत्राटदाराने तीन कामं सुचवली आहेत: सगळ्या पाइपांना इन्सुलेशन, फॉल्स सीलिंगच्या टाइल्सवर ग्लासवूल आणि पन्हळींना हीटिंग केबल. तिन्हींना पैसे पुरणार नाहीत. दारासमोर मीठ कुणी टाकायचं यावरून गाळेधारकांत वाद आहेत, ते वेगळंच. हिवाळा सहा आठवड्यांवर आला आहे. ते विचारतात, ‘आधी काय करू? आणि यंदा पाइप फुटणार नाही, अशी खात्री मालकांना देऊ शकतो का?’

उत्तर: मागच्या वर्षीच्या घटनेबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे: ‘थंडी फार होती, म्हणून पाइप फुटला.’ कंत्राटदाराची यादी आणि मालकांचा निर्णय, दोन्ही याच समजुतीवर उभे आहेत. म्हणून आधी तीच तपासू या. थंडी सगळ्या इमारतीवर सारखीच पडली होती. त्याच रात्री, त्याच मजल्यावर बाकीचे पाइप शाबूत राहिले आणि हा एकच फुटला. तो तिथेच का गोठला, हा एक प्रश्न. फुटल्यावर पाणी इतके तास वाहत का राहिलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पाइप जिथे गोठला, त्या जागेच्या आसपास सापडेल. दुसऱ्याचं उत्तर व्हॉल्व्ह, सेन्सर आणि माणसं यांच्याकडे आहे. तुमचे पैसे या दोन्हींत वाटायला हवेत. कंत्राटदाराच्या यादीत दुसऱ्या प्रश्नासाठी काहीच नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे बर्फ होतो तिथेच पाइप फाटत असेल असं वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. पाइपात बर्फाचं बूच तयार होतं, ते वाढत जातं आणि बूच व बंद नळ यांच्यात अडकलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. तिथला दाब चढत जातो आणि पाइप सगळ्यात कमकुवत ठिकाणी उकलतो. ती जागा बुचापासून बरीच लांब, उबदार खोलीतही असू शकते. प्लंबरने कापून काढलेला तुकडा अजून असेल तर हातात घेऊन पाहा. तांब्याचा पाइप गोठून फुटला असेल तर फाट लांबीच्या दिशेने गेलेली दिसेल, फाटीपाशी पाइप किंचित फुगलेला असेल आणि फाटीची कड बोटाला पातळ लागेल. गंजून पडलेलं भोक किंवा सुटलेला सांधा असा दिसत नाही. तुकडा फुगलेला नसेल, तर मागच्या वर्षीचं निदानच पुन्हा करावं लागेल. मग इन्सुलेशनवर खर्च करून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट. बूच पाइपात असेपर्यंत पाणी बरेचदा अडूनच राहतं. धो-धो वाहायला लागतं ते बूच वितळल्यावर. म्हणजे थंडीचा कडाका ओसरला, ऊन पडलं, आता सुटलो असं वाटतं, तेव्हा धोका संपलेला नसतो. इमारतीची फेरी कडाक्याच्या रात्रीइतकीच त्यानंतरच्या पहिल्या उबदार दुपारीही व्हायला हवी.

आधी वारा शोधा

साठलेल्या थंड हवेपेक्षा वाहती थंड हवा पाइपातली उष्णता फार वेगाने काढून नेते. बाहेरच्या हवेला लागून असलेल्या उघड्या पाइपांच्या बाबतीत, बाहेर उणे ६-७ अंश सेल्सियस झालं की सावध व्हावं, असा देखभालीतला आडाखा आहे. पण पाइपावर थेट झोत येत असेल तर त्याच्या आधीही घात होतो. तेव्हा कंत्राटदाराला होकार देण्याआधी एक संध्याकाळ या कामाला द्या. बाहेर वारा असलेला दिवस निवडा. शिडी, टॉर्च आणि उदबत्ती घ्या. दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतींलगतच्या टाइल्स एकेक करून उचला आणि धूर कुठे आडवा होतो ते पाहा. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत: केबल, पाइप किंवा डक्ट भिंतीतून बाहेर जातो तिथलं मोठं राहिलेलं भोक, भिंत आणि स्लॅब यांच्यामधली फट, दारावरच्या छज्जाची पोकळी, बंद न होणारी जुन्या एक्झॉस्ट फॅनची झडप, कुणीतरी काढून टाकलेल्या एसीचं उघडं छिद्र. मागच्या वर्षीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना निदान तीन मीटरपर्यंत बारकाईने पाहा. फुटलेला तुकडा बदलला गेला, पण वारा येतो ती फट तशीच राहिली, असं सर्रास होतं. आणि मग पुढच्या वर्षी त्याच पाइपावर, नव्या जोडाच्या हातभर पुढे, तेच घडतं.

फट भरताना आत मिनरल वूल दाबून बसवा आणि वर सीलंटचा थर द्या. नुसत्या लोकरीतून वारा गाळून येतो, थांबत नाही. आगरोधक भिंतीतून जाणारं भोक असेल तर त्याच दर्जाचा फायर सीलंट लागतो. बॉयलरच्या धुराड्याभोवती साधा फोम अजिबात नको. बरेचसे सीलंट ५ अंशांच्या खाली किंवा ओल्या पृष्ठभागावर नीट चिकटत नाहीत, म्हणून हे काम पहिल्या दोन आठवड्यांतच उरकायला हवं. खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच आहे.

इमारतीच्या वरच्या टोकाकडेही लक्ष द्या. उबदार हवा जिन्यातून आणि लिफ्टच्या शाफ्टमधून वर चढते, गच्चीच्या दारातून, हॅचमधून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला तळमजल्यावरून थंड हवा आत ओढली जाते. खालच्या दुकानदाराची ‘दारातून वारा येतो’ ही तक्रार बरेचदा गच्चीच्या दाराची पट्टी बदलल्यावर कमी होते. दारांचे हायड्रॉलिक क्लोजरही तपासा. थंडीत आतलं तेल घट्ट होतं आणि दार शेवटचे चार बोटं उघडंच राहतं. समायोजनाचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा आणि दार स्वतःहून कुलपात बसतंय ना, ते पाहा.

इन्सुलेशन आणि ग्लासवूल

इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही. गोधडी माणसाला ऊब देते, कारण माणसाच्या अंगात ऊब असते. दगडाला गुंडाळली तर दगड थंडच राहतो. रात्रभर पाणी न हललेला पाइप हा तसा दगड आहे. १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपात मीटरमागे १५० मिलिलिटरही पाणी नसतं. एवढ्याशा पाण्याची ऊब टिकून टिकून किती टिकणार? बारीक पाइपावरचं इन्सुलेशन गोठण्याला काही तास उशीर लावतं. एका रात्रीपुरतं ते पुरेल, तीन दिवसांच्या सुट्टीला नाही. मागच्या वर्षी तुम्हाला गाठलं ते सुट्टीनेच. म्हणून सगळ्या पाइपांना सरसकट इन्सुलेशन करू नका. बाहेरच्या भिंतीतले, बंद करता न येणारे थंड कोपऱ्यातले आणि तळघरात हवेच्या जाळीसमोरून जाणारे पाइप निवडा. एल्बो, टी आणि व्हॉल्व्हपाशी इन्सुलेशन तुटू देऊ नका, गोठणं तिथूनच सुरू होतं. पाइप भिंतीलगत असेल तर आवरण पाइप आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये हवं. पाइप आणि खोली यांच्यामध्ये भरलं तर खोलीची ऊबच तोडली जाते.

याच कारणाने फॉल्स सीलिंगवर ग्लासवूल अंथरायला माझा स्पष्ट विरोध आहे. टाइल्सखालच्या खोल्या उबदार होतील हे खरं. पण तुमचे पाण्याचे आणि स्प्रिंकलरचे पाइप टाइल्सच्या वर आहेत आणि आजवर ते खोलीतून वर झिरपणाऱ्या उष्णतेवर तगले आहेत. ती वाट बंद केली की वरची पोकळी जवळजवळ बाहेरइतकी थंड होईल. इन्सुलेशन हवं असेल तर ते छताच्या पातळीवर, पाइपांच्या वर हवं. यादीतला हा आयटम खोडा आणि त्याचे पैसे खालच्या कामांना वळवा.

आता रिकाम्या मजल्याबद्दल

मालकांचा हिशेब असा आहे की माणसं नाहीत, तर ऊब कशाला? पण त्या मजल्यावर पाण्याने भरलेली स्प्रिंकलर यंत्रणा आहे आणि पाण्याने भरलेले स्प्रिंकलरचे पाइप जिथून जातात तिथलं तापमान ४ अंशांच्या खाली जाता कामा नये, असा अग्निसुरक्षेचा सर्वमान्य निकष आहे. ही यंत्रणा रिकामी करणं तुमच्या किंवा मालकांच्या मर्जीवर नाही. अग्निशमन अधिकारी आणि विमा कंपनी यांच्या लेखी संमतीशिवाय तिला हात लावू नका. तिच्यात आपल्या मनाने अँटीफ्रीझ ओतणं तर धोक्याचंच, कारण ग्लायकोलची काही मिश्रणं आगीवर फवारली गेल्यावर पेट घेतात. शिवाय बहुतेक विमा पॉलिसींमध्ये रिकाम्या जागेत हीटिंग चालू ठेवण्याची किंवा पाणी काढून टाकण्याची अट असते. ती वाचल्याशिवाय थर्मोस्टॅटला हात लावू नका.

तेव्हा हीटिंग बंद नको, कमी करा. थर्मोस्टॅट १३ अंशांवर ठेवा. गोठणबिंदू शून्य असताना १३ कशाला, असं मालक विचारतील. थर्मोस्टॅट बसवलेला असतो आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर. पाइप असतो टाइल्सच्या वर, बाहेरच्या भिंतीशी. दोन्हींत कितीतरी अंशांचा फरक पडू शकतो आणि १३ हा आकडा तो फरक पोटात घेण्यासाठी आहे. तुमच्या इमारतीत नेमका किती फरक पडतो ते मोजता येतं: किमान-कमाल नोंदवणारे चार साधे थर्मामीटर टाइल्सच्या वर चार कोपऱ्यांत ठेवा आणि पहिल्या थंड रात्रीनंतर वाचा. एखादा कोपरा ७ अंशांच्या खाली गेला असेल तर तिथल्या एक-दोन टाइल्स काढून ठेवा. खोलीतली हवा वर जाते आणि कोपरा सावरतो. पण स्प्रिंकलरची तोंडं टाइलच्या पातळीवर असतात, म्हणून टाइल्स काढण्याआधी अग्निसुरक्षा पाहणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा. हीटिंग पूर्ण बंद करून होणारी बचतही मालकांना वाटते तेवढी नसते. पहिल्या मजल्याची उष्णता स्लॅबमधून वर ओढली जाते आणि खालच्या भाडेकरूंचे हीटर जास्त चालतात.

काही बंद करायचंच असेल तर त्या मजल्याचं वापराचं पाणी बंद करा, म्हणजे धोकाच कमी होईल. दुसऱ्या मजल्याला जाणाऱ्या फाट्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह नसेल तर एक बॉल व्हॉल्व्ह आणि त्याच्या लगेच पुढे ड्रेन कॉक (पाणी काढून टाकायची तोटी) बसवून घ्या. दोन-तीन तासांचं काम आहे. मग तो फाटा बंद करून रिकामा करायचा. क्रम असा ठेवा: त्या मजल्यावर पाणी तापवायचा गीझर असेल तर आधी त्याची वीज बंद (कोरडा पडलेला हीटिंग एलिमेंट जळतो), मग व्हॉल्व्ह बंद, ड्रेन कॉक उघडा, मजल्यावरचे गरम-थंड सगळे नळ उघडा म्हणजे हवा आत शिरेल, फ्लश ओढा, टाकीतलं उरलेलं पाणी स्पंजने टिपा. जुने पाइप मध्ये झोळलेले असतात आणि झोळात पाणी राहतं, म्हणून शेवटी कमी दाबाच्या हवेने पाइप फुंकून घ्या. बेसिन, फरशीची जाळी आणि कमोड यांच्या ट्रॅपमधलं (खालच्या वाकड्या नळीत साठून राहणारं) पाणी मात्र काढून मोकळं सोडू नका. ते सुकलं की गटाराचा वायू वर येतो आणि गटाराचा वास येणारा मजला भाड्याने देणं अवघड. हीटिंग चालू आहे, तर ट्रॅपमध्ये दर महिन्याला पाणी ओतायला माणूस पाठवा. तेवढ्याच निमित्ताने मजल्यावर फेरीही होते.

पाणी वाहत राहू नये म्हणून

फुटलेल्या पाइपातून मिनिटाला २० लिटर पाणी जातंय असं धरा. ४० तासांत ४८ हजार लिटर. दहा मिनिटांत व्हॉल्व्ह बंद झाला तर २०० लिटर. तुमच्या खालच्या गाळेधारकाचा माल या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे इमारतीत नेमकं कुणाला माहीत आहे? सुट्टीच्या रात्री त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते? या आठवड्यात तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पाहा आणि बंद केल्यावर वरचा नळ खरोखर कोरडा पडतो का ते बघा. जुना गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न हलल्याने अडकलेला असतो. त्यावर लांब पाना लावून जोर करू नका. दांडा तुटला तर आहे तोही उपाय हातचा जाईल. प्लंबरकडून बॉल व्हॉल्व्ह घालून घ्या, पाव फेऱ्यात बंद होतो आणि दांड्याची दिशा पाहून स्थिती कळते. प्रत्येक व्हॉल्व्हला कोणत्या भागाचं पाणी बंद होतं ते लिहिलेला पत्रा टांगा. स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह वेगळ्या रंगाचा असू द्या, नाहीतर घाबरलेला माणूस नेमका तोच फिरवतो.

त्यानंतर सेन्सर. टाइल्सच्या वर सगळ्यात थंड निघालेल्या दोन कोपऱ्यांत तापमानाचे सेन्सर बसवा आणि ७ अंशांवर फोनवर इशारा येईल असं करा. बॉयलरच्या खोलीत एक, १० अंशांवर, कारण बॉयलर बंद पडल्याची पहिली खबर तिथूनच मिळते. दुसऱ्या मजल्याच्या स्वच्छतागृहात फरशीवर पाण्याचा सेन्सर. वीज गेली तरी हे चालू राहिले पाहिजेत, म्हणजे बॅटरी हवी आणि इमारतीचं वायफाय बंद पडलं तरी संदेश जायला हवा. इशारा दोन माणसांना जाऊ द्या आणि त्यातला एक तासाभरात पोहोचू शकणारा असावा. सुट्ट्यांची पाळी आत्ताच लिहून लावा.

गच्ची आणि बॉयलर

गच्चीवरचं एअर हँडलिंग युनिट पत्रात नुसतं उल्लेखापुरतं आलं आहे. ते यादीत बरंच वर हवं, कारण त्याच्यात बाहेरची हवा थेट कॉइलवर, म्हणजे पाणी फिरणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर येते. उन्हाळ्यात थंड पाणी फिरणारी कॉइल ‘ड्रेन केली’ असं सांगतात, पण ड्रेन उघडल्यावरही आडव्या नळ्यांत आणि वळणांत पाणी उरतंच, आणि वसंतात कॉइल पहिल्यांदा भरली की ती चाळणीसारखी गळते. ड्रेन केल्यावर हवेने फुंका आणि मग ५० टक्के प्रॉपिलीन ग्लायकोलचं मिश्रण फिरवून बाहेर काढा. बाहेर आलेला द्रव रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) तपासा, कारण आत राहिलेलं पाणी त्याला पातळ करतं. ५० टक्क्यांना गोठणबिंदू उणे ३३ अंशांच्या आसपास असतो, ३० टक्क्यांवर उणे १३ पर्यंतच येतो. गाडीचं कूलंट वापरू नका, त्यातली रसायनं या कामासाठी नसतात.

गरम कॉइलचं रक्षण फ्रीझस्टॅट हा थंडी ओळखणारा स्विच करतो. कॉइलच्या मागे नागमोडी पसरलेली बारीक नळी ३ ते ४ अंशांवर युनिट बंद पाडते आणि नळीच्या साधारण ३० सेंटिमीटर लांबीला जरी थंडी लागली तरी ती पुरते. तपासायला एवढाच भाग बर्फाच्या पाण्यात बुडवा. तीन गोष्टी घडल्या पाहिजेत: पंखा थांबला, बाहेरच्या हवेचा डॅम्पर (पात्यांची झडप) बंद झाला, गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. डॅम्पर बंद झाल्यावर पात्यांच्या मागे टॉर्च धरा. उजेड दिसला तर तिथून वाराही येणार. फ्रीझस्टॅट सारखा ट्रिप होतो म्हणून त्याला बायपास करणारे तंत्रज्ञ भेटतात. त्यांना थांबवा. तो ट्रिप होतो म्हणजे आत येणारी थंड हवा आणि परतीची उबदार हवा नीट मिसळत नाही, दुरुस्ती त्या ठिकाणी हवी.

बॉयलरची सर्व्हिसिंग थंडी सुरू होण्याआधीच होते, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बर्नर, धुराडं, सेफ्टी व्हॉल्व्ह, पाणी कमी झाल्यावर बंद पाडणारं उपकरण आणि खोलीतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म, एवढं लेखी तपासून घ्या. हवा आत घेणाऱ्या जाळीवर ‘वारा येतो’ म्हणून कुणी पुठ्ठा लावला असेल तर आजच काढा, त्याने जीव जाऊ शकतो. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही वापरणारा) असेल तर ते थंड झालेलं पाणी बाहेर नेणारा त्याचा कंडेन्सेट पाइप पाहा. बारीक, लांब आणि जवळजवळ आडवा पाइप गोठतो आणि ऐन थंडीच्या पहाटे बॉयलर बंद पडतो. बाहेरचा भाग निदान ३२ मिलिमीटरचा, होईल तेवढा आखूड, इन्सुलेशन केलेला आणि मीटरला ४५ मिलिमीटर उताराचा हवा.

पन्हळींची केबल यंदा थांबवता येईल, अपवाद एकच: चालायच्या वाटेवर बर्फाचे सुळे लटकत असतील तर तेवढ्या भागात ती घाला. ती पन्हळीत घालून भागत नाही, उभ्या पाइपातून थेट तळापर्यंत न्यावी लागते, नाहीतर वर वितळलेलं पाणी खाली गोठून पाइप फाडतं. तापमानानुसार स्वतःची शक्ती कमी-जास्त करणारी केबल घ्या, तिला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचं अर्थ लीकेज संरक्षण द्या आणि दर मोसमाआधी मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासा. गच्चीच्या निचऱ्याची तोंडं मात्र झाडांची पानं गळून संपल्यावर पुन्हा एकदा साफ करा. आधी केलेली सफाई पुरत नाही.

हिमाचं वजन नुसत्या उंचीवरून कळत नाही. ५० सेंटिमीटर ताजं, भुसभुशीत हिम चौरस मीटरला ५० किलोच्या आत असू शकतं. तेवढ्याच उंचीचं दबलेलं हिम १०० ते १५० किलो भरतं आणि त्यावर पाऊस पडला तर आणखी. कठड्याच्या आडोशाला आणि उंच भिंतीच्या पायथ्याशी वारा ढिगारे करतो, भार तिथे सगळ्यात जास्त असतो. छत किती भाराला बांधलं आहे तो आकडा स्ट्रक्चरल नकाशावर असतो, आत्ताच काढून ठेवा. आतली दारं अचानक अडकायला लागली, स्प्रिंकलरची तोंडं टाइलच्या खाली उतरलेली दिसली किंवा छतातून कडकड आवाज आला, तर हिम काढायला वर माणूस चढवायचा नाही; इमारत रिकामी करायची आणि इंजिनिअरला बोलवायचं.

मीठ कुणी टाकायचं

गाळेधारकांवर सोडलं तर एका दारासमोर मिठाचा पांढरा थर आणि दुसऱ्यासमोर काचेसारखा बर्फ, असंच होणार. सामायिक वाट, पायऱ्या आणि आणीबाणीच्या दारांबाहेरची जागा इमारतीच्या देखभालीत घ्या, खर्च सामायिक आकारणीत टाका, करार तसं म्हणत नसेल तर यंदापुरतं पत्र करून घ्या. वही ठेवा: कधी टाकलं, किती, कुणी. कुणी घसरून पडलं तर ही वहीच उपयोगी येते.

मीठ बर्फ जमण्याआधी टाकलं तर चौरस मीटरला १० ते २० ग्रॅम पुरतं. हिम पडल्यावर आधी फावड्याने काढा, मग २० ते ४० ग्रॅम. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. त्याच्या खाली कॅल्शियम क्लोराइड वापरा, नाहीतर पकड मिळावी म्हणून वाळू. जास्त मीठ टाकल्याने बर्फ जास्त वितळत नाही, फक्त काँक्रीटचे पापुद्रे निघतात आणि दाराच्या चौकटी गंजतात. वर्षभरापेक्षा नव्या काँक्रीटवर मीठ नकोच. काढलेल्या हिमाचे ढीग निचऱ्याच्या उताराच्या वरच्या बाजूला घालू नका, दुपारी वितळून रात्री वाटेवरच गोठतात. बाहेर उघडणारं आणीबाणीचं दार प्रत्येक हिमवर्षावानंतर हाताने पूर्ण उघडून पाहा.

मालकांना काय सांगाल

‘पाइप फुटणार नाही’ अशी खात्री देऊ नका, ती कुणालाच देता येत नाही. गोठण्याच्या ज्ञात जागा बंद केल्या आहेत, रिकाम्या मजल्यावर वापराचं पाणीच नाही आणि इशारा आल्यापासून तासाभरात पाणी बंद होईल, असं लेखी सांगा. हे तिन्ही दावे तपासून पाहता येतात. कामांचा क्रम मी असा ठेवीन: पहिल्या दोन आठवड्यांत फटी आणि मुख्य व्हॉल्व्ह, तिसऱ्यात दुसऱ्या मजल्याचा बॉल व्हॉल्व्ह आणि फाटा रिकामा करणं, चौथ्यात एअर हँडलिंग युनिट आणि बॉयलर, पाचव्यात सेन्सर. उरलेल्या पैशांत निवडक पाइपांचं इन्सुलेशन.

तरीही एखाद्या नळाला पाणी येईनासं झालं आणि बाकीच्यांना येत असेल, तर पाइप गोठला असं समजा. त्या भागाचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, नळ उघडा ठेवा आणि नळाच्या टोकाकडून बुचाच्या दिशेने हेअर ड्रायरने किंवा गरम फडक्याने तापवत जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहील. ब्लोटॉर्चची ज्योत लावू नका. त्याने भिंतीतलं लाकूड पेटतं आणि पाइपात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन पाइप फुटतो. पाणी पुन्हा सुरू करताना व्हॉल्व्ह थोडासाच उघडा आणि पूर्ण लांबी डोळ्यांनी पाहून घ्या.

वसंतात दुसऱ्या मजल्याचा फाटा भरतानाही घाई नको. एक माणूस व्हॉल्व्हपाशी आणि एक वर, दोघे फोनवर. सगळे नळ बंद, फक्त सगळ्यात लांबचा नळ उघडा. व्हॉल्व्ह पाव उघडून हवा बाहेर पडू द्या, पाणी सलग आलं की तो नळ बंद करून अर्धा तास सांधे तपासा. मग प्रत्येक नळ काही मिनिटं वाहू द्या, कारण इतके महिने पडून राहिलेल्या फाट्यातलं पहिलं पाणी वापरायचं नसतं. गीझरची वीज त्यानंतर, टाकी पूर्ण भरल्याची खात्री झाल्यावरच.